स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं घोडं नेमकं कुठे अडलंय?

23 नोव्हेंबर 2022 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष लॉर्ड रीड यांनी पाच न्यायमूर्तींचा एकमताचा निकाल लंडनमध्ये वाचून दाखवला. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावा की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्न नव्हताच. ‘तुम्हाला स्वतंत्र व्हायचंय का’ एवढं आपल्याच मतदारांना विचारायचा अधिकार स्कॉटलंडच्या संसदेला आहे का, इतकाच मुद्दा होता. न्यायालय म्हणालं, नाही.

ब्रिटन तेव्हा हादरलेला होता. 6 सप्टेंबरला राणी एलिझाबेथ यांनी स्कॉटलंडमधल्या बालमोरल इथे लिझ ट्रस यांना पंतप्रधान नेमलं. दोनच दिवसांनी तिथेच राणीचं निधन झालं. ट्रस यांच्या सरकारने जाहीर केलेल्या करकपातीने रोखेबाजार कोसळला आणि 25 ऑक्टोबरला ऋषी सुनक पंतप्रधान झाले. जॉन्सन, ट्रस, सुनक असे तीन पंतप्रधान दोन महिन्यांच्या आत होऊन गेले. या खटल्याची सुनावणीही त्याच धामधुमीत, 11 आणि 12 ऑक्टोबरला झाली. अशी उलथापालथ सुरू असली की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आता हे राज्य मोडणार. ते मोडलं नाही. का मोडलं नाही हे कळायचं, तर या वादात गुंतलेले दोन धागे सुटे करावे लागतात. सार्वमत घ्यायचा अधिकार कोणाचा, हा पहिला. आणि वेगळं झाल्यावर चलन, कर्ज, सीमा यांचं काय होणार, हा दुसरा. प्रचारसभांमध्ये दोन्हींची सरमिसळ होते आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

1707: विलीनीकरण झालं, पण पूर्ण नाही

1603 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवरही बसला. राजा एक झाला, पण देश दोन आणि संसदाही दोनच राहिल्या. पुढची शंभर वर्षं हे असंच चाललं. 1698 ते 1700 या काळात स्कॉटलंडने पनामाच्या संयोगभूमीवर डॅरिएन इथे स्वतःची वसाहत उभारायचा प्रयत्न केला. त्यासाठी सुमारे 4 लाख पौंड भागभांडवल उभं राहिलं होतं, म्हणजे देशातल्या खेळत्या पैशाचा फार मोठा हिस्सा. रोगराई, उपासमार, स्पॅनिश फौज आणि मदत न करण्याचे इंग्लंडचे आदेश यांत वसाहत बुडाली आणि पैसाही बुडाला. 1707 च्या विलीनीकरणाच्या करारात इंग्लंडने 3,98,085 पौंड 10 शिलिंग देऊ केले. त्यातला मोठा वाटा डॅरिएनमध्ये पोळलेल्या भागधारकांना गेला. शिवाय इंग्लंडच्या वसाहतींमधला व्यापार स्कॉटिश लोकांना खुला झाला. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन, हे दोघेही स्कॉटिश. ही माणसं आपल्याकडे पोचली ती याच खुल्या झालेल्या वाटेने.

पण करारात स्कॉटलंडने आपली कायद्याची पद्धत, न्यायालयं आणि चर्च राखून ठेवलं. शिक्षणही वेगळंच राहिलं. म्हणून एडिंबरात आजही इंग्लंडपेक्षा वेगळा दिवाणी आणि फौजदारी कायदा चालतो. स्कॉटलंड हा कधी इंग्लंडचा जिल्हा नव्हता. करार करून आत आलेला तो देश आहे, अशीच तिथल्या बहुतेकांची समजूत आहे, अगदी विलीनीकरणाच्या कट्टर समर्थकांचीही. मात्र करारात बाहेर पडण्याचं कलम नाही. सगळ्या वादाचं मूळ या एका उणिवेत आहे.

अधिकारांची यादी आणि परिशिष्ट 5

1 मार्च 1979 रोजी स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी का यावर मतदान झालं. 51.6 टक्के मतं बाजूने पडली, तरी प्रस्ताव बारगळला. कारण कायद्यात एक अट घुसवलेली होती: एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी 40 टक्क्यांनी ‘होय’ म्हणायला हवं. शंभर मतदार धरले तर त्यातले सुमारे 64 मतदानाला आले, 33 ‘होय’ म्हणाले, 31 ‘नाही’ म्हणाले. हवे होते 40. घरी बसलेले सगळे मतदार ‘नाही’च्या पारड्यात गेले. या निकालाने दुखावलेल्या, स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांच्या सरकारविरुद्ध मत दिलं आणि 28 मार्चला ते सरकार 311 विरुद्ध 310 अशा एका मताने पडलं. सार्वमतात किती मतं पडली याइतकंच ती कोणत्या नियमाने मोजली याला महत्त्व असतं, हे स्कॉटलंड तेव्हापासून विसरलेला नाही.

11 सप्टेंबर 1997 च्या सार्वमतात अशी अट नव्हती. 74.3 टक्के लोकांनी संसदेला आणि 63.5 टक्क्यांनी तिच्या करविषयक अधिकारांना होकार दिला. मग 1998 चा स्कॉटलंड कायदा आला आणि 1999 मध्ये एडिंबरात 129 जागांची संसद सुरू झाली. ती आज जिथे भरते त्या भागावरून तिला होलीरूड म्हणतात.

इथे भारतातल्या वाचकाला एक फरक नीट पाहावा लागेल. आपल्याकडे संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची असते आणि उरलेले विषय केंद्राकडे जातात. स्कॉटलंडमध्ये उलट आहे. कायद्याच्या परिशिष्ट 5 मध्ये फक्त लंडनने स्वतःकडे ठेवलेले विषय लिहिले आहेत: संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन, स्थलांतर वगैरे. यादीत जे नाही ते सगळं होलीरूडचं. आरोग्य, शाळा, पोलीस, न्यायालयं, शेती हे विषय कुठे लिहून दिलेले नाहीत, ते आपसूक तिचे आहेत. आणि त्या राखीव यादीच्या पहिल्याच भागात शब्द आहेत, ‘स्कॉटलंड आणि इंग्लंड या राज्यांचं एकत्रीकरण’. 2022 चा खटला याच शब्दांवर फिरला.

शिवाय होलीरूडला दिलेल्या विषयांवरही वेस्टमिन्स्टर, म्हणजे लंडनमधली ब्रिटिश संसद, कायदा करू शकते. ‘सामान्यतः’ स्कॉटलंडच्या संमतीशिवाय तसं करायचं नाही, असा संकेत आहे. 2016 मध्ये तो कायद्यात लिहिलाही गेला. पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा राजकीय संकेत आहे, त्याची अंमलबजावणी न्यायालय करून देणार नाही. 2020 मध्ये ब्रिटनच्या अंतर्गत बाजारपेठेचा कायदा होलीरूडने संमती नाकारूनही मंजूर झाला. एका ‘सामान्यतः’ या शब्दावर उभी असलेली हमी किती तकलादू असते, ते तेव्हा कळलं.

2014: सार्वमत कायदेशीर कसं झालं

होलीरूडची निवडणूक पद्धत मिश्र आहे. 73 जागा मतदारसंघांच्या आणि 56 प्रादेशिक यादीच्या. ज्या पक्षाला मतदारसंघात भरपूर जागा मिळतात त्याला यादीतून कमी मिळतात. त्यामुळे एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळणं अवघड असतं. तरी 2011 मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीला 69 जागा मिळाल्या. जाहीरनाम्यात सार्वमत होतं, त्यामुळे पंतप्रधान डेव्हिड कॅमरून यांना ते नाकारणं जड गेलं.

त्यानंतर जे घडलं ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे, कारण पुन्हा कधी सार्वमत झालं तर सरळ रस्ता हाच. 15 ऑक्टोबर 2012 रोजी कॅमरून आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, ॲलेक्स सॅमंड यांनी एडिंबरा करारावर सह्या केल्या. मग स्कॉटलंड कायद्याच्या कलम 30 खाली एक आदेश निघाला. या कलमाने परिशिष्ट 5 मधली यादी बदलता येते. वेस्टमिन्स्टरची दोन्ही सभागृहं आणि होलीरूड यांची मंजुरी घेऊन तो आदेश राणीच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये पक्का झाला. त्याने होलीरूडला एकदाच, एकाच प्रश्नाचं, 31 डिसेंबर 2014 च्या आत सार्वमत घ्यायची मुभा दिली. मुदत संपली तशी मुभाही संपली. हे तात्पुरतेपण तेव्हा फारसं कोणाच्या नजरेत भरलं नाही.

प्रश्नाच्या शब्दांवरही घासाघीस झाली. सॅमंड सरकारचा मसुदा होता, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ निवडणूक आयोगाने तो लोकांवर तपासून पाहिला आणि ‘सहमत आहात का’ या शब्दांनी मतदार ‘होय’कडे ढकलला जातो म्हणून ते काढायला लावले. उरलं ते एवढंच: ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ 40 टक्क्यांसारखी अट नव्हती, साधं बहुमत पुरेसं होतं. 16 आणि 17 वर्षांच्या मुलामुलींना मत होतं.

मत कोणाला, हे वंशावर नाही तर राहण्याच्या ठिकाणावर ठरलं. स्कॉटलंडमध्ये राहणारे युरोपीय संघाचे आणि राष्ट्रकुलातले नागरिक मत देऊ शकत होते. म्हणजे वैध व्हिसावर एडिंबरात शिकणारा, भारतीय पासपोर्टचा पुण्याचा विद्यार्थी यादीत नाव नोंदवून स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर मत देऊ शकत होता. एडिंबरात जन्मून लंडनला नोकरीसाठी गेलेला स्कॉटिश माणूस देऊ शकत नव्हता. यावर पुष्कळ नाराजी झाली. तरी हा नियम योग्यच होता असं आमचं मत आहे. नव्या देशात ज्याला राहायचं, कर भरायचा, दवाखान्यात जायचं, त्यानेच ठरवावं. रक्ताच्या नात्यावर मतदारयादी बनवली असती तर या चळवळीचा चेहराच वेगळा, आणि कुरूप, झाला असता.

मतदानाच्या दोन दिवस आधी तिन्ही मोठ्या ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांनी होलीरूडला आणखी अधिकार देण्याचं वचन दिलं. 18 सप्टेंबर 2014 रोजी 84.6 टक्के मतदान झालं. 20,01,926 लोक ‘नाही’ म्हणाले, 16,17,989 ‘होय’. टक्केवारी 55.3 आणि 44.7. एकूण 32 स्थानिक परिषदांपैकी ग्लासगो, डंडी, वेस्ट डनबार्टनशर आणि नॉर्थ लॅनार्कशर या चारच ठिकाणी ‘होय’ पुढे होतं. तेलाची राजधानी ॲबरडीन आणि बँकांचं शहर एडिंबरा, दोघांनीही ‘नाही’ म्हटलं.

ब्रेक्झिटने मुद्दा बळकट केला आणि वाट बिकट

23 जून 2016 ला ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोकांनी राहायचं म्हटलं होतं, आणि 32 पैकी एकाही परिषदेत बाहेर पडण्याला बहुमत नव्हतं. 2014 मध्ये ‘वेगळे झालात तर युरोपातून बाहेर पडाल’ असं सांगून मतं मागितली गेली होती. दोन वर्षांत एकत्र राहूनच बाहेर पडायची वेळ आली. ज्यांनी त्या भीतीने ‘नाही’ म्हटलं होतं त्यांना आपली फसवणूक झाली असं वाटलं, आणि ते वाटणं साहजिक होतं.

मात्र त्याच ब्रेक्झिटने वेगळं होण्याची किंमतही वाढवली. 2014 मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड दोघेही युरोपच्या एकाच बाजारात राहतील असं गृहीत होतं, त्यामुळे सीमेवर तपासणीचा प्रश्न फारसा नव्हता. आता स्वतंत्र स्कॉटलंड युरोपीय संघात गेला, तर इंग्लंडबरोबरची सुमारे 154 किलोमीटरची जमिनीवरची सीमा ही युरोपीय संघाची बाह्य सीमा होईल. माणसांना अडचण नाही. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात पासपोर्टशिवाय येण्याजाण्याची जुनी व्यवस्था आहे, तीत स्कॉटलंडला सामावून घेता येईल. अडचण मालाची. कार्लाइलच्या उत्तरेला ग्रेटनाजवळून जाणारा मोटरवे आणि पूर्व किनाऱ्यावर बेरिकजवळचा रस्ता, इथे जकातीचे कागद, मांस-दूध-रोपांची तपासणी, मालाच्या मूळ देशाचे दाखले आले. स्कॉटलंडबाहेर विकल्या जाणाऱ्या मालाचा आणि सेवांचा साधारण 60 टक्के हिस्सा उरलेल्या ब्रिटनमध्ये जातो, युरोपीय संघात या 60 टक्क्यांच्या एक तृतीयांशाच्या आसपास. लहान बाजारात परत शिरण्यासाठी मोठ्या बाजाराच्या तोंडाशी चौकी बसवायची, असा हा हिशेब आहे. दीर्घकाळात व्यापार वळतो, आयर्लंडचा वळला. पण त्याला दशकं लागली.

सॅमंड यांच्यानंतरच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी मार्च 2017 मध्ये कलम 30 च्या आदेशाची मागणी केली, होलीरूडने 69 विरुद्ध 59 मतांनी तिला पाठिंबा दिला. ‘ही वेळ नव्हे’, असं उत्तर पंतप्रधान थेरेसा मे यांनी दिलं. डिसेंबर 2019 मध्ये पुन्हा मागणी झाली, जानेवारी 2020 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी नकार कळवला. 2021 च्या निवडणुकीत नॅशनल पार्टीला 64 आणि ग्रीन पक्षाला 8 अशा मिळून 129 पैकी 72 जागा स्वातंत्र्यवाद्यांना मिळाल्या, तरी उत्तर बदललं नाही.

न्यायालयात काय झालं

जून 2022 मध्ये स्टर्जन यांनी 19 ऑक्टोबर 2023 ही सार्वमताची तारीखच जाहीर केली. पण होलीरूडमध्ये विधेयक मांडताना ते आपल्या अधिकारकक्षेत आहे असं मंत्र्याला लेखी द्यावं लागतं, आणि त्यासाठी सरकारच्या मुख्य कायदा अधिकारी, लॉर्ड ॲडव्होकेट डोरोथी बेन यांची हरकत नसावी लागते. त्यांना तशी खात्री वाटत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच मसुदा सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला.

बाजूने युक्तिवाद असा होता: हे सार्वमत सल्ल्यापुरतं आहे. ‘होय’ निघालं तरी त्या मध्यरात्री काहीच तुटत नाही. मग ते एकत्रीकरणाच्या राखीव विषयात कसं येईल? न्यायालयाने कायद्यातल्याच कसोटीवर बोट ठेवलं. विधेयक राखीव विषयाशी ‘संबंधित’ आहे का, हे त्याच्या उद्देशावरून आणि परिणामांवरून ठरवायचं असतं, आणि परिणाम म्हणजे फक्त कायदेशीर परिणाम नव्हे. रीतसर घेतलेल्या सार्वमताने विलीनीकरणाची लोकशाही मान्यता वाढते किंवा घटते. ब्रेक्झिटचं सार्वमतही कागदोपत्री सल्ल्यापुरतंच होतं, हे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा मुद्दाही नॅशनल पार्टीने मांडला. त्यावर न्यायालयाने कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, क्वेबेक या वेगळं होऊ पाहणाऱ्या प्रांताबद्दलच्या 1998 च्या मताचा आधार घेतला: एकतर्फी वेगळं होण्याचा हक्क वसाहतींना, परकीय ताब्यातल्या किंवा राज्यकारभारात सहभागच नाकारलेल्या लोकांना असतो. ज्या देशाने ब्रिटनला पंतप्रधान दिले त्याला तो लागू होत नाही.

कायद्याच्या भाषेत हा निकाल पक्का आहे. राजकीय प्रश्न त्याने सोडवला नाही, आणि तो सोडवणं न्यायालयाचं कामही नव्हतं.

मग पुढची सार्वत्रिक निवडणूकच सार्वमत म्हणून लढवायची कल्पना पुढे आली. तिच्यातली मेख अशी, की मतदार वीज बिलापासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत दहा कारणांनी मत देतो. स्टर्जन यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये राजीनामा जाहीर केला आणि मार्चमध्ये त्या पायउतार झाल्या. जुलै 2024 मध्ये नॅशनल पार्टी 48 जागांवरून 9 वर घसरली आणि लेबर पक्षाने 57 पैकी 37 जागा जिंकल्या. त्या निकालाचा अर्थ ‘स्वातंत्र्याला नकार’ असा काढायचा, तर 2015 मध्ये याच पक्षाने 59 पैकी 56 जागा जिंकल्या होत्या त्याचा अर्थ ‘होकार’ असा काढावा लागेल. दोन्ही चूक. पक्षाची मतं कोसळली तेव्हाही स्वातंत्र्याला असलेला पाठिंबा जनमत चाचण्यांमध्ये निम्म्याच्या जरा खाली टिकून होता.

दुसऱ्या दिवशीचा हिशेब: आधी चलन

2014 मध्ये ‘होय’ची बाजू सर्वांत जास्त अडखळली ती चलनावर. स्कॉटलंडमध्ये तीन व्यापारी बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात: बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल. पाहुण्याला वाटतं, यांचं चलन आधीच वेगळं आहे. तसं नाही. त्या नोटांच्या मोबदल्यात या बँकांना बँक ऑफ इंग्लंडकडे तेवढा पैसा ठेवावा लागतो, आणि त्यासाठी बँक ऑफ इंग्लंड 10 लाख आणि 10 कोटी पौंडांच्या खास नोटा वापरते. त्यांची नावं ‘जायंट’ आणि ‘टायटन’. त्या तिजोरीबाहेर येत नाहीत. एडिंबराची नोट चालते ती या ठेवीच्या जोरावर.

सॅमंड यांचा प्रस्ताव दोन देशांनी मिळून पौंड चालवण्याचा होता. फेब्रुवारी 2014 मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी एडिंबरात येऊन तो साफ नाकारला आणि लेबर व लिबरल डेमोक्रॅट दोघांनी त्यांची री ओढली. ही धमकी पोकळ आहे असं स्वातंत्र्यवादी म्हणत राहिले. पण मागणीच अशी होती की ती मान्य करणं समोरच्याच्या हातात, आणि ‘नाही तर काय’ याचं उत्तर तयार नव्हतं.

दुसरा पर्याय, परवानगी न घेता पौंड वापरत राहायचा. मॉन्टेनेग्रो युरो वापरतो, पनामा डॉलर वापरतो, तसा. कायद्याने कोणी अडवू शकत नाही. यात व्याजदर लंडन स्वतःच्या सोयीने ठरवणार आणि बँक अडचणीत आली तर नोटा छापून तिला वाचवणारं कोणी नाही. 2008 च्या संकटात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये ब्रिटिश सरकारला 45 अब्ज पौंडांहून अधिक ओतावे लागले होते. म्हणूनच सप्टेंबर 2014 मध्ये त्या बँकेने ‘होय’ निघालं तर नोंदणीकृत कार्यालय इंग्लंडला हलवू असं जाहीर केलं.

तिसरा पर्याय स्वतःच्या चलनाचा. नॅशनल पार्टीचं धोरण 2019 नंतर त्याकडे झुकलं, आणि सरकारच्या ऑक्टोबर 2022 च्या पत्रिकेत आधी काही काळ पौंड, मग स्कॉटिश पौंड असा क्रम सांगितला. इथे गृहकर्ज आठवावं. एखाद्याचं 1,00,000 पौंडांचं कर्ज इंग्लिश कायद्याखालच्या करारात, म्हणून ब्रिटिश पौंडातच राहिलं, आणि पगार स्कॉटिश पौंडात आला. नवं चलन 10 टक्क्यांनी घसरलं की तेच कर्ज नव्या चलनात 1,11,111 होतं. दर उलट चढला तर कर्जदाराचा फायदा आणि निवृत्तिवेतन पौंडात घेणाऱ्याचा तोटा. बदलाची चाहूल लागताच लोक ठेवी इंग्लंडमधल्या खात्यात हलवतात, म्हणून तारीख जितकी आधी जाहीर कराल तितकी गळती मोठी. आमच्या मते स्वतःचं चलन हाच प्रामाणिक पर्याय आहे, कारण स्वतःच्या चलनाविना आर्थिक स्वातंत्र्य नावापुरतंच राहतं. पण मग आधी परकीय गंगाजळी, मध्यवर्ती बँक आणि कर्जांच्या रूपांतराचा कायदा हवा, आणि ही तयारी काही वर्षांची आहे.

तूट आणि तेल

स्कॉटलंड सरकार दरवर्षी स्वतःच्या जमाखर्चाचा ताळेबंद काढतं. 2023-24 मध्ये तेलाचा भौगोलिक वाटा धरूनही तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 10.4 टक्के होती, त्याच वर्षी सगळ्या ब्रिटनची 4.5. या आकड्यांत संरक्षण आणि कर्जाचं व्याज लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंडच्या नावे टाकलेलं असतं, आणि स्वतंत्र देश ते खर्च वेगळे ठरवू शकेल, हे स्वातंत्र्यवाद्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण तेवढ्याने ही दरी भरत नाही. आज ती जाणवत नाही, कारण 1978 पासूनच्या बार्नेट सूत्राने लंडनकडून निधी येतो. इंग्लंडमध्ये शाळांवर 100 कोटी पौंड जास्त खर्च झाले, तर लोकसंख्येच्या प्रमाणात सुमारे साडेनऊ ते पावणेदहा कोटी स्कॉटलंडला मिळतात. हे सूत्र फक्त वाढीला लागू होतं. मूळ रक्कम आधीच जास्त असल्याने माणशी खर्च इंग्लंडपेक्षा जास्तच राहिला आहे.

तेलाची कथा दोन्ही बाजूंनी कापते. 1974 मध्ये सरकारी अर्थतज्ज्ञ गॅविन मॅक्रोन यांनी अहवाल लिहिला होता, की उत्तर समुद्रातल्या तेलामुळे स्वतंत्र स्कॉटलंडकडे अवघड वाटावं इतकं शिलकी उत्पन्न असेल. तो गुप्त ठेवला गेला आणि 2005 मध्येच लोकांपुढे आला. त्याबद्दलचा राग रास्त आहे. पण सॅमंड सरकारच्या नोव्हेंबर 2013 च्या स्वातंत्र्याबद्दलच्या श्वेतपत्रिकेत तेलाचा भाव पिंपाला 110 डॉलरच्या आसपास धरला होता आणि स्वातंत्र्यदिन 24 मार्च 2016. त्याच वर्षी जानेवारीत भाव 30 डॉलरच्या खाली गेला. त्या वर्षांत समुद्रातून मिळणारा कर जवळपास शून्यावर आला. ‘होय’ जिंकलं असतं, तर नव्या देशाचा पहिला अर्थसंकल्प या खड्ड्यात उभा राहिला असता.

ब्रिटनच्या कर्जाच्या वाटणीवर कमी वाद आहे. जानेवारी 2014 मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने सांगून टाकलं, की आजवरच्या सगळ्या रोख्यांची जबाबदारी आमची, स्कॉटलंडने आपला हिस्सा आम्हाला द्यावा. अण्वस्त्रांचा प्रश्न मात्र कडू आहे. ब्रिटनच्या चारही क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ ग्लासगोपासून सुमारे 40 किलोमीटरवर फास्लेन इथे आहे, आणि क्षेपणास्त्रांच्या अण्वस्त्रांचं कोठार जवळच कूलपोर्टला. नॅशनल पार्टीला ती बाहेर हवीत. इंग्लंडमध्ये इतकं खोल, आडोशाचं आणि वस्तीपासून दूरचं बंदर तयार नाही. वाटाघाटींच्या टेबलावर स्कॉटलंडच्या हातातला सर्वांत वजनदार पत्ता हाच.

राणी मात्र तीच राहणार होती. श्वेतपत्रिकेनुसार 1707 चं संसदेचं एकत्रीकरण सुटलं असतं, 1603 चं राजमुकुटाचं नव्हे.

शेजारच्या कायद्यातलं एक वाक्य

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. याच ब्रिटनने उत्तर आयर्लंडसाठी बाहेरची वाट लिहून ठेवली आहे. 1998 च्या कायद्यात म्हटलंय, की बहुमत आयर्लंडशी एकत्र येण्याच्या बाजूने असण्याची शक्यता दिसली तर लंडनच्या मंत्र्याने सार्वमत घ्यायलाच हवं, आणि दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचं अंतर हवं. शक्यता कशी मोजायची हे लिहिलेलं नाही, त्यावरही उद्या खटले होतील. तरी एक उंबरठा आहे, एक मुदत आहे, आणि मंत्र्यावर कर्तव्य आहे. क्वेबेकचं वेगळं होणं 1995 च्या सार्वमतात 50.58 टक्के ‘नाही’ मतांनी थोडक्यात टळल्यावर कॅनडाने 2000 मध्ये कायदा केला: प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमत स्पष्ट हवं, मगच केंद्र वाटाघाटीला बसेल.

स्कॉटलंडसाठी असं काहीच लिहिलेलं नाही. ‘पिढीतून एकदाच’ हे 2014 च्या प्रचारातले शब्द एकत्रीकरणवादी आजही पुढे करतात, पण ते कोणत्याही आदेशात किंवा कायद्यात नाहीत. उलट 129 पैकी 72 जागा मिळाल्या म्हणून सार्वमत मिळायलाच हवं, असंही कुठे लिहिलेलं नाही. किती जागा, किती वर्षं, किती टक्के, हे दर वेळी लंडनमधल्या त्या वेळच्या पंतप्रधानाच्या मर्जीवर राहतं. असा नियम करायला ‘होय’ किंवा ‘नाही’ची बाजू घ्यावी लागत नाही. उत्तर आयर्लंडच्या कायद्यातलं वाक्य स्कॉटलंड कायद्यात घालायला वेस्टमिन्स्टरचं साधं बहुमत पुरतं. 2014 पासून तिथे आलेल्या एकाही सरकारने ते घातलेलं नाही.